मार्कर कोणाच्या हातात?



लष्करात आयुष्य काढलेला माणूस डिझाइनच्या परिषदेत काय करतो, असं तुम्हाला वाटेल. माझी मुलगी कोलकात्यात यूएक्सचं काम करते. म्हणजे ॲप वापरणाऱ्याला सोपं जावं, हे पाहणं. तिथल्या एका परिषदेत कार्यशाळा होती आणि त्यांना वापरणारी माणसं हवी होती. म्हणून मी गेलो.

विषय होता पेन्शनरांचा हयातीचा दाखला. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’मुळे तो बोटाच्या ठशावर डिजिटल देता येतो, २०२१ पासून चेहरा दाखवूनही. आम्हाला अशाच कामाचं एक ॲप कागदावर मांडायचं होतं. टेबलाशी दोन तरुण डिझायनर, मी आणि बराकपूरच्या एक मासिमा. त्या एका नाईकाच्या विधवा, वय सत्तरीच्या पुढे.

नियम असा, की पहिली दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही, आपापली अडचण चिठ्ठीवर लिहायची. माझा धीर तिसऱ्या मिनिटाला सुटला. मार्कर घेऊन उभा राहिलो. अक्षरं मोठी करा, बटणं मोठी करा, बांगला भाषा द्या! सगळ्यांनी माना डोलावल्या.

कार्यशाळा घेणारी मुलगी म्हणाली, “सर, मासिमांची चिठ्ठी राहिली.”

चिठ्ठी कोरी होती.

मग तिने पुठ्ठ्याचा मोबाइल मासिमांच्या हातात दिला. त्या बोट ठेवतील तसा एक डिझायनर वरचा कागद बदलायचा. तिसऱ्या कागदावर ओटीपी आला आणि मासिमांनी हात मांडीवर ठेवला. ओटीपी मुलाच्या मोबाइलवर जातो. तो बेंगळुरूला, रात्रपाळीला. दिवसा झोपमोड केली की चिडतो. अक्षरं कितीही मोठी केली, तरी त्यांचं काम तिथेच अडणार होतं.

मला लाज वाटली. कारण हे मला ठाऊक होतं. मोहिमेआधी आम्ही वाळूत डोंगर-नाले उभे करून चर्चा करायचो, त्याला सँड मॉडेल म्हणतात. माझ्या पलटणीत सगळ्यात कनिष्ठ आधी बोलायचा, कमांडिंग ऑफिसर शेवटी. साहेब आधी बोलले की बाकीचे फक्त ‘जी सर’ म्हणतात.

१९८० च्या दशकात स्वीडनमध्ये ‘युटोपिया’ प्रकल्पात वृत्तपत्रांच्या छपाई कामगारांसमोर पुठ्ठ्याचे संगणक ठेवून काम करून पाहिलं गेलं. माणसाला जे सांगता येत नाही, ते त्याचे हात दाखवतात.

आमचा आराखडा पुढे कुठे गेला नाही. कागद टेबलावरच राहिले. पण तुमच्या सोसायटीत, शाळेत, घरात काही ठरवायचं असेल, तर तीन गोष्टी करून पाहा. आधी सगळ्यांनी गुपचूप लिहावं. ज्याला लिहिणं जमत नाही, त्याला करून दाखवू द्यावं. आणि ज्याचं वजन जास्त, त्याने शेवटी बोलावं.

त्या संध्याकाळी बायकोला विचारलं, “तुझ्या खात्याचा ओटीपी कुठे येतो गं?”

ती म्हणाली, “तुमच्याच मोबाइलवर. तुम्हीच तर नंबर दिला होता.”

उद्या मी नसलो तर? पुण्याला परतल्यावर पहिलं काम तेच केलं. दोघं बँकेत गेलो आणि तिचा नंबर लावून आलो. अर्ज तिने भरला. मी शेजारी बसलो, गप्प.