निद्रिस्तांसाठी जागणारे
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



पुणे स्टेशनजवळील ससून रुग्णालयाची ओळख पुणेकरांस नव्याने करून देण्याची आवश्यकता नाही. १८६७ साली स्थापन झालेल्या या रुग्णालयास डेव्हिड ससून या ज्यू दानशूराचे नाव आहे; त्याच्याशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालय बैरामजी जीजीभाई या पारशी दात्याचे नाव धारण करते. १२ जानेवारी १९२४ रोजी याच रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी, त्या वेळी कारावासात असलेल्या महात्मा गांधींची अपेंडिक्सची शस्त्रक्रिया केली. ऐन शस्त्रक्रियेत विजेचे दिवे गेले आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पूर्ण झाले. शल्यविशारदाचे नाव इतिहासाने जपले. परंतु त्या अंधारात भूल दिलेल्या रुग्णाच्या नाडीवर आणि श्वासावर लक्ष ठेवणाऱ्याचा उल्लेख क्वचितच होतो. भूलतज्ज्ञाच्या वाट्याला आजही बहुधा हीच अनामिकता येते.

भूल म्हणजे गाढ झोप, असा सर्वसाधारण समज आहे. झोपलेला मनुष्य हाक मारताच जागा होतो. भुलीतील रुग्ण सुरीच्या स्पर्शानेही जागा होत नाही. स्नायू शिथिल करणारे औषध दिल्यावर तर त्याचा स्वतःचा श्वासही थांबतो आणि तो चालू ठेवण्याचा भार भूलतज्ज्ञ उचलतो. प्राणवायूविना मेंदूस अवघ्या ४-५ मिनिटांत इजा पोहोचू लागते. हा भार पेलण्याचे शिक्षण एम.बी.बी.एस.नंतर ३ वर्षे चालते, आणि ते घेणारा निवासी डॉक्टर बहुधा पंचविशी-तिशीतील तरुण असतो.

त्याचा दिवस रुग्ण येण्यापूर्वीच सुरू होतो. भुलीचे यंत्र, प्राणवायूचा साठा, शोषणयंत्र आणि तातडीची औषधे तपासल्याखेरीज पहिला रुग्ण टेबलावर घेतला जात नाही. प्रथम वर्षी तो मास्कने श्वास देणे, श्वासनलिकेत नळी घालणे, पाठीच्या मणक्यांमधून भूल देणे हे ज्येष्ठांच्या देखरेखीखाली शिकतो. पुढे प्रसूतीच्या तातडीच्या शस्त्रक्रिया, अपघातग्रस्त, नवजात बालके आणि अतिदक्षता विभाग येतात. याच काळात प्रबंध लिहावयाचा आणि जिल्हा रुग्णालयात ३ महिने सेवाही द्यावयाची असते. प्राणवायूचे प्रमाण दाखविणारी यंत्रे आज उपलब्ध आहेत. तरीही नाडीवरचे बोट आणि छातीच्या हालचालीवरची नजर सोडू नये, हा पाठ १९२४ इतकाच आजही आवश्यक आहे.

परंतु ही नजर ज्याची, त्यालाही झोप लागते. निवासी डॉक्टरांनी आठवड्यास साधारणतः ४८ तास आणि सलग १२ तासांहून अधिक काम करू नये, असे केंद्र शासनाच्या १९९२ च्या योजनेत नमूद झाले. २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षण नियमावलीने वाजवी कामाचे तास, विश्रांती आणि साप्ताहिक सुटी यांचा उल्लेख केला. प्रत्यक्षात मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत रुग्णसंख्येच्या मानाने हात अपुरे पडतात आणि अनेकांची ड्यूटी २४ तासांपलीकडे लांबते. थकलेल्या डॉक्टरची विश्रांती हा त्याचा खासगी प्रश्न नाही. टेबलावर निजलेल्या रुग्णाच्या सुरक्षिततेचा तो प्रश्न आहे.

या बाबतीत समाजाच्या हाती दोन गोष्टी आहेत. पहिली सत्यकथनाची. शस्त्रक्रियेपूर्वी हलक्या अन्नासाठी ६ तास आणि पाण्यासाठी २ तास, हे सर्वसाधारण अंतर पोटातील अन्न फुप्फुसात जाऊ नये म्हणून राखले जाते. 'थोडा चहाच घेतला' हेही लपवू नये. चालू औषधे, व्यसन, सैल दात, पूर्वीच्या भुलीचा त्रास, सारे सांगावे. चौविहार उपवास चालू असल्यास किंवा अठ्ठाईचे पारणे नुकतेच झाले असल्यास तेही आवर्जून सांगावे, कारण शरीरातील पाणी आणि क्षार यांवर भुलीचा परिणाम अवलंबून असतो.

दुसरी गोष्ट दानाची. रुग्णालयास यंत्रे देणारे हात पुष्कळ आहेत. निवासी डॉक्टरांसाठी स्वच्छ विश्रांतिकक्ष, पिण्याचे पाणी, रात्री मिळणारे गरम अन्न यांकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. तिथे दिलेल्या देणगीवर दात्याच्या नावाची पाटी कदाचित लागणार नाही. मात्र पहाटे तीन वाजता एखाद्या मातेचा श्वास सांभाळणारा हात त्यामुळे स्थिर राहील.