हायस्कुलातील नाट्यशिक्षण
(महोत्सवानिमित्त पालकांच्या सभेत दिलेले भाषण)



महोत्सवासाठी हायस्कुलातील मुलांनी प्रभूच्या दुःखसहनाचे नाटक बसवावे असे ठरले, तेव्हा काही पालकांनी आम्हांस विचारले, "फादर, मुलांना सोंगे शिकवून काय साधणार?" प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

सोंगाचा तिटकारा प्रभू येशूलाही होता. लोकांनी पाहावे म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यावर प्रार्थना करणाऱ्यांस त्याने ढोंगी म्हटले. मत्तयाच्या शुभवर्तमानात तेथे जो ग्रीक शब्द आहे, तो रंगभूमीवरील नटासही लावीत असत. परंतु नट व ढोंगी यांत महदंतर आहे. नट सर्वांसमक्ष दुसऱ्याचे रूप घेतो; ढोंगी आपले खरे रूप लपवितो. नटाचे सोंग पडद्याबरोबर उतरते. ढोंग्याचे घरीही उतरत नाही.

हा भेद जाणूनच येशूसंघाच्या १५९९ सालच्या शिक्षणसंहितेत नाटकांस स्थान मिळाले. मात्र ती लॅटिनमध्ये, पवित्र विषयावर व क्वचितच व्हावीत, असा दंडक होता.

आपल्या गिरणगावालाही नाटक परके नाही. सोशल सर्व्हिस लीगने परळ येथे १९२२ साली उभारलेल्या दामोदर नाट्यगृहात गिरणीकामगार नाटके करीत. दिवसा साच्यावर राबणारा मनुष्य रात्री राजाचे भाषण पाठ करी. तेणेकरून जिभेला वळण लागे व चारचौघांत उभे राहण्याचे धैर्य येई.

मुलांस हे लाभतेच. पण याहून मोठा लाभ निराळा आहे. योहान व्हावयास सारे तयार, यहूदा व्हावयास कोणी नाही. तथापि ज्याच्या वाट्यास यहूदा येतो, त्याला तीस नाणी हाती घेऊन विचार करावा लागतो : हा मनुष्य या थरास कसा गेला? पेत्र झालेल्यास प्रभूला तीनदा नाकारून रडावे लागते. पतिताकडे बोट दाखविणे सोपे. त्याच्या जागी उभे राहणे कठीण.

१९८२ च्या संपानंतर या वस्तीत कित्येक चुली विझल्या, काही जण व्यसनाच्या आहारी गेले, आणि शेजाऱ्यांनी त्यांस नावे ठेविली. ज्याने एकदा तरी पडलेल्या मनुष्याची भूमिका मनापासून केली, त्याचा हात दगड उचलण्यापूर्वी थबकेल, अशी आमची श्रद्धा आहे.

म्हणून मुलांस तालमीला अवश्य पाठवा. आणि ज्याला यहूदाची भूमिका मिळेल, त्याच्या आईबापांनी रुसू नये; कारण सर्वांत अवघड धडा त्यालाच मिळणार आहे.

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.