देव पाण्यात

मराठी घरावर संकट आले की देव पाण्यात घालून बसण्याची एक जुनी रीत आहे. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, अन्नपूर्णा, कुलदैवताचा टाक, सारे पाण्याने भरलेल्या भांड्यात ठेवायचे आणि विघ्न टळेपर्यंत बाहेर काढायचे नाहीत. भक्ताचा जीव गुदमरला आहे, तर देवानेही थोडे गुदमरावे, असा काहीसा प्रेमाचा हट्ट या रीतीमागे असावा. पुढे त्या रीतीचा वाक्प्रचार झाला, आणि निवडणुकीच्या उमेदवारापासून परीक्षेला बसलेल्या मुलाच्या बापापर्यंत साऱ्यांना तो थट्टेने लावला जाऊ लागला. परंतु पहाटे साडेचारला घरातल्या कर्त्या माणसाच्या छातीवर कुणी धोंडा ठेवावा तसे होते, तेव्हा ती थट्टा उरत नाही.

इंदुरातले असे एक घर मनाशी धरावे. होळकरांच्या मागोमाग केव्हातरी माळव्यात आलेले; बोलण्यात हिंदीचा वळसा पडलेला, पण चंपाषष्ठीचे भरीत-रोडगे न चुकवणारे. कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, आणि रोजच्या अडीअडचणीला खजराण्याचा गणपती. घरात सेवानिवृत्त झालेले अण्णा, त्यांची पत्नी, मुलगा आणि सून. अण्णा अंधारात उठून बसले आहेत. छातीच्या मधोमध आवळल्यासारखे होते आहे, कळ डाव्या खांद्यातून जबड्यापर्यंत चढली आहे, अंगाला गार घाम सुटला आहे.

"काही नाही गं, रात्रीची खिचडी बाधली," अण्णा म्हणतात. "उगाच पोरांना उठवू नकोस."

मुलगा अभियंता आहे. देवाधर्माचे त्याला वावडे. तोही डोळे चोळत येतो आणि पित्ताची गोळी शोधू लागतो. आई उठते ती थेट देव्हाऱ्याकडे जाते आणि देव पाण्यात ठेवते. त्याला दोन मिनिटे लागतात. गोळी शोधण्यात आणि ती लागू पडते का हे पाहण्यात वीस मिनिटे जातात. शेवटी सून अण्णांच्या पाठीला हात लावते. बनियन पिळून काढावे इतके भिजलेले असते. ती कुणाला न विचारता दूरध्वनीवर १०८ हा क्रमांक फिरवते. रुग्णवाहिकेची ही सेवा २००५ साली हैदराबादेत सुरू झाली, मग एकेका राज्यात पसरली. महाराष्ट्रात ती २०१४ साली आली. जपमाळेतल्या मण्यांची संख्याही तीच, हा योगायोग सासूबाईंच्या ध्यानात आल्यावाचून राहिला नसता. पण त्या वेळी कुणाला कशाचेच ध्यान नव्हते.

या प्रसंगात श्रद्धेने वेळ दवडला असे कुणी म्हणेल, तर ते खरे नव्हे. वेळ दवडला तो संकोचाने आणि शहाणपणाच्या एका समजुतीने. आपल्याला असे काही होणार नाही, ही समजूत आस्तिकाला असते तशीच नास्तिकालाही असते. पहाटेच्या वेळी शेजाऱ्याला उठवण्याची लाज तर सर्वधर्मीय आहे. अर्थात दुसरीही घरे आहेत. तिथे आधी अंगारा लावून पाहतात, मग तीर्थ देतात, मग गुरुजींना विचारतात, आणि उजाडल्यावर डॉक्टरांकडे जातात. तिथे श्रद्धा दाराला कडी घालून बसलेली असते. पण कडी घालणारी ती एकटीच असते असे मात्र नाही.

त्या वेळी आत काय चाललेले असते? हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या भिंतीवर वर्षानुवर्षे चरबीचा थर साचलेला असतो. एखाद्या क्षणी तो फुटतो, त्या जखमेवर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. पुढच्या अर्ध्या तासाच्या आतच स्नायू मरू लागतो. काही तासांत त्याचा मोठा भाग कायमचा गेलेला असतो, आणि गेलेला स्नायू पुन्हा येत नाही. सकाळच्या प्रहरी हे अधिक घडते, असे १९८५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिले. त्याहून मोठे भय निराळेच. पहिल्या तासात हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरू लागते आणि माणूस कोसळतो. मग छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहणे हाच मदत येईपर्यंतचा उपाय. बाल्टिमोरच्या तिघा संशोधकांनी तो १९६० साली जगापुढे मांडला. घरातल्या कुणालाही तो शिकता येतो, आणि फारच थोड्या घरांत तो कुणाला येतो.

अण्णा कोसळले नाहीत. फोनवरून सांगितल्याप्रमाणे त्यांना अ‍ॅस्पिरिनची गोळी चावून खायला दिली. तत्पूर्वी त्या औषधाचे वावडे आहे का, पोटात कधी रक्तस्राव झाला होता का, हे विचारून घेतले. ही क्षुल्लक, स्वस्त गोळी. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत सतरा हजारांवर रुग्ण होते; झटक्यानंतर महिनाभर नुसती अ‍ॅस्पिरिन दिल्याने पाच आठवड्यांतले मृत्यू पाचव्या हिश्श्याहून अधिक कमी झाले. रुग्णवाहिकेत बसताना आईने त्यांच्या कपाळाला भंडारा लावला. पिवळ्या कपाळाने अण्णा इस्पितळात पोहोचले, आणि हृदयाचा आलेख काढणाऱ्या मुलीने छातीवर चकत्या चिकटवताना तो भंडारा पुसू दिला नाही. सौजन्य म्हणजे काय, हे अशा वेळी कळते.

आलेखावरून निदान झाले. धमनी उघडायला हवी, आणि ती मनगटातून नळी घालून फुग्याने उघडता येते. फुग्याने धमनी उघडणे १९७७ साली ज्यूरिकमध्ये पहिल्यांदा झाले. आता ते मोठ्या शहरात नित्याचे झाले आहे. जिथे तशी सोय दोन तासांच्या आत मिळणार नाही, तिथे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तातडीने देतात. खेड्यापाड्यातल्या माणसाला तोच मोठा आधार. अण्णांच्या बाबतीत सोय होती. हवी होती फक्त सही.

तेवढ्यात पुण्याहून धाकट्या दिरांचा फोन आला. आज अमावास्या आहे, एवढा दिवस जाऊ द्यावा, उद्या सकाळी करावे. मुलगा संतापला, आवाज चढला. सहीचा कागद त्याच्या हातात, पण आईला न विचारता सही करण्याचे धैर्य त्यालाही होईना. घरात देव न मानणारा मुलगा आईच्या शब्दासाठी थांबला, हेही एक श्रद्धेचेच रूप म्हणायचे. आईने फोन घेतला.

"भावजी, अमावास्याही त्यानेच केली ना?" एवढे बोलून तिने फोन ठेवला, आणि मुलाला म्हणाली, "कर सही."

ज्ञानाने जे काम होते ते इथे तिच्या श्रद्धेने केले. तिचा देव पंचांगात अडकलेला नव्हता. असा देव सगळ्यांना लाभत नाही. पुण्याच्या दिरांना तो लाभलेला नव्हता, आणि त्यांचेही भावावर प्रेम कमी नव्हते.

त्यानंतरचा पाऊण तास. इस्पितळाच्या प्रवेशदाराशी गणपतीची मूर्ती होती, जशी ती आपल्याकडच्या बहुतेक इस्पितळांत असते. आई तिच्यापुढच्या बाकावर बसून नामजप करू लागली. तिचा श्वास हळूहळू लांबला. इटलीतल्या संशोधकांनी २००१ साली तेवीस निरोगी माणसांकडून कॅथलिकांची जपमाळ आणि बौद्धांचा मंत्र म्हणवून घेतला, तेव्हा दोहोंनीही श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची व रक्तदाबाची लय अधिक सुसंगत होते, असे दिसले होते. हे जप करणाऱ्याच्या हृदयाविषयी आहे, आत टेबलावर निजलेल्याच्या नव्हे. पण बाकावरच्या माणसालाही हृदय असतेच, आणि त्या पहाटे तेही काही सुरक्षित नव्हते. शेजारी मुलगा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत उभा होता. त्याच्याजवळ धरायला काही नव्हते. थोड्या वेळाने तो आईशेजारी येऊन बसला. जप केला नाही, नुसता बसला.

दुसऱ्याने केलेली प्रार्थना रुग्णाला बरे करते का, हा प्रश्न विज्ञानाने टाळलेला नाही. १९८८ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या हृदयविभागातल्या ३९३ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली, त्यांची प्रकृती काही बाबतींत बरी राहिली, असे तीत होते. तिच्यावर आक्षेपही पुष्कळ आले. मग २००६ साली सहा इस्पितळांतल्या १८०२ रुग्णांची त्याहून मोठी आणि काटेकोर पाहणी आली. हे सारे हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेचे रुग्ण. आपल्यासाठी प्रार्थना होते की नाही हे ठाऊक नसलेल्यांत, प्रार्थना झालेल्यांपैकी शेकडा ५२ जणांना गुंतागुंत झाली, न झालेल्यांपैकी शेकडा ५१ जणांना. म्हणजे काहीच फरक नाही. पण ज्यांना प्रार्थना होणार असे निश्चित सांगितले होते, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ५९ भरले. असे का, याचे पक्के उत्तर नाही. एक तर्क असा की, इतकी माणसे आपल्यासाठी प्रार्थना करत आहेत, तेव्हा आपण फारच आजारी असलो पाहिजे, या विचाराने रुग्ण धास्तावत असावा. तर्कच तो. मात्र आजाऱ्याच्या उशाशी नवसांची यादी वाचून दाखवणाऱ्या नातेवाइकांनी तो विसरू नये.

इथे नवसाची गोष्ट निघतेच. आईने बाकावर बसल्या बसल्या बोलून टाकले होते की, अण्णा बरे होऊन जेजुरीचा गड अनवाणी चढतील. नवस तिचा, पाय अण्णांचे! आपल्याकडे नवस बहुधा असेच होतात. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितले की हळूहळू चालणे वाढवावे, चढाव इतक्यात नको. नवलाख पायरीच्या त्या गडाचे नाव निघताच आई गप्प झाली. फेडायचा कसा, आणि नाही फेडला तर? शेवटी सून म्हणाली, "आई, बोललात तुम्ही, तर चढाही तुम्हीच. मी येते बरोबर." त्यावर आईच्या चेहऱ्यावर जे हसू आले, ते चार दिवसांतले पहिले.

याहून जड ओझे दुसऱ्या घरांत पडते, जिथे माणूस परत येत नाही. तिथे बायको पुढे वर्षानुवर्षे मनात म्हणत राहते की आपलेच काही चुकले, सोवळे मोडले, उपासात खंड पडला. गुठळीला सोवळे कळत नाही, हे तिला कुणीतरी जवळच्या माणसाने सांगायला हवे असते. बहुधा कुणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्याच्या मनातही तीच शंका असते.

आणि बरे झालेल्या घराचाही एक धोका आहे. देवाने तारले, आता गोळ्या कशाला, असे कुणाच्या तरी तोंडून निघते. धमनीत बसवलेल्या जाळीवर पुन्हा गुठळी धरू नये म्हणून दोन औषधे, बहुधा वर्षभर, रोज घ्यावी लागतात. ती परस्पर थांबवली तर जाळीच बंद होऊ शकते. उपासाच्या दिवशीही ती चुकवायची नसतात. सुनेने गोळ्यांची डबी देव्हाऱ्याच्या कोनाड्यातच ठेवली. पूजा कधी चुकत नाही, तर गोळ्याही चुकणार नाहीत, असा तिचा हिशेब.

चौथ्या दिवशी अण्णा घरी आले. हातपाय धुऊन सवयीने देव्हाऱ्यासमोर उभे राहिले, तर तो रिकामा.

"देव कुठे गेले?" त्यांनी विचारले.

कुणी बोलेना. मग आईने स्वयंपाकघरातून झाकलेले पातेले आणले, खाली बसली आणि एकेक देव बाहेर काढून पदराने पुसू लागली. खंडोबाचा टाक चार दिवसांत थोडा काळवंडला होता. तो मुलाने तिच्या हातातून घेतला आणि चिंच आणायला आत गेला.