गढमुक्तेश्वर ते राजघाट : सहकुटुंब नौकाप्रवासाची आखणी

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात दिलेले भाषण)



दिल्लीत नौकाप्रवासाचे नाव काढले की प्रथम यमुना आठवते आणि पाठोपाठ नाकाला रुमाल लावावासा वाटतो. वजीराबाद ते ओखला या सुमारे २२ किलोमीटरांच्या पट्ट्याची दशा आपण पुलांवरून नित्य पाहतो. म्हणून मंडळातील चार कुटुंबांनी चार दिवसांच्या जलप्रवासाची गोष्ट काढली, तेव्हा मी गंगेचे नाव सुचविले. येथून शंभरेक किलोमीटरांवर, गढमुक्तेश्वरच्या ब्रजघाटापासून नरोऱ्यापर्यंतच्या सुमारे ८५ किलोमीटरांच्या प्रवाहास २००५ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ क्षेत्राचा दर्जा लाभला आहे.

आम्हां सरकारी नोकरांना दौऱ्याचा कार्यक्रम आखण्याची सवय असते. अमुक वाजता प्रस्थान, तमुक वाजता आगमन. नदी असला कार्यक्रम मंजूर करीत नाही. हरिद्वारहून निघणारा कालवा दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत सफाईसाठी बंद असतो, तेव्हा ते पाणी नदीतच राहते. कालवा सुटला की पाणी उतरते व वाळूचे दांडे वर येतात. कार्तिकी पौर्णिमेला गढला प्रचंड यात्रा भरते. डिसेंबरअखेरीस धुके दाटते. उन्हाळ्याच्या तोंडाशी वाळूच्या बेटांवर पक्षी आणि कासवे अंडी घालतात. तेथे आपण तंबू ठोकणे हे निव्वळ आडदांडपणाचे ठरेल. फेब्रुवारी उत्तम, पण मुलांच्या परीक्षा आड येतात. उरतात ते भाऊबीजेनंतरचे चार-सहा दिवस. त्या वेळी पाणी उतरलेले असल्याने होडी अधूनमधून वाळूत रुतणार आणि पुरुषमंडळींना उतरून ढकलावी लागणार, हे गृहीत धरावे.

होड्या वल्ह्यांच्याच असाव्यात. काटकसर म्हणून मी हे सांगत नाही. या पट्ट्यात सूंस, म्हणजे गंगेतील डॉल्फिन आहे. २००९ साली त्यास राष्ट्रीय जलचर ठरविण्यात आले. त्याला जवळजवळ दिसत नाही. ध्वनीच्या आधाराने तो वाट व भक्ष्य शोधतो. यंत्राच्या घरघरीत त्याचे काय होत असेल, याची कल्पना करावी.

दिवसाकाठी वीस किलोमीटरांचे अंतर कागदावर सोपे दिसते. समोरून वारा सुटला की वल्हवणाऱ्यांचा दम निघतो. म्हणून अंतर मोजताना तरुणांचे बाहुबळ न पाहता सोबतच्या आजींची बैठक पाहावी. पूठ, आहार, अनूपशहर, कर्णवास, राजघाट ही सारी गावे उजव्या काठावर, म्हणजे दिल्लीच्याच अंगाला आहेत. एक मोटार काठाकाठाने गावोगाव पुढे जात राहिली, तर कोणासही ताप आला अथवा भय वाटले, तरी पुढच्या गावी उतरून घरी परतता येईल. स्थानिक मल्लाह, प्रत्येकाच्या अंगात तरंगजाकीट आणि वनखात्यास व पोलिसांस पूर्वसूचना, यांविषयी चर्चा नको. नरोऱ्याला गंगेवर बंधारा आहे. म्हणून त्याच्या बऱ्याच वर, राजघाटीच प्रवास संपवावा.

अनूपशहरी मात्र अर्धा दिवस राखून ठेवावा. १७६० च्या पावसाळ्यात अब्दालीची छावणी येथे होती आणि शुजाउद्दौला येथेच त्याला मिळाला. इकडे ऑगस्टमध्ये भाऊसाहेबांनी दिल्ली घेतली; पण यमुना दुथडी वाहत होती आणि दोन्ही सैन्ये महिनोन् महिने खोळंबून राहिली. ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दाली बागपतला यमुना उतरला. पुढचे आपणांस ठाऊकच आहे. चौदा जानेवारीस आपल्यातील कित्येक जण पानिपतला जातात. अनूपशहरच्या घाटावर उभा राहिलेला दिल्लीकर मराठी माणूस मला अद्याप भेटलेला नाही.

एका मुद्द्यावर आमच्या बैठकीत बरीच खडाजंगी झाली. वाटेत थांबायचे की पुढे जायचे, याचा निर्णय बहुमताने व्हावा असे काहींचे मत पडले. मला ते मान्य नाही. कार्यकारिणीत बहुमत ठीक आहे. होडीत एकानेही, मग ते दहा वर्षांचे मूल का असेना, "आता पुरे" म्हटले की होडी काठाला लागली पाहिजे. बहुतेक घरांतून भीती बोलून दाखविण्याची मुभा बायका-मुलांना नसते. ती येथे असणार नसेल, तर माझे नाव यादीतून वगळावे.

यादी चिटणिसांकडे आहे. नाव नोंदविताना घरातील सर्वांत वयस्कर आणि सर्वांत लहान व्यक्तीचे मत त्यांच्याच शब्दांत लिहून द्यावे, ही विनंती.