विहारातल्या तसबिरी कोणत्या क्रमाने लावाव्यात?
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



रंगकामासाठी आपल्या चेंबूरच्या या विहारातल्या सगळ्या तसबिरी उतरवल्या आहेत. त्या पुन्हा कशा लावायच्या, यावर कमिटीच्या मीटिंगमध्ये दोन तास गेले. कुणी म्हणालं, ज्याने आधी दान दिली त्याची आधी. कुणी म्हणालं, मोठी मधे, लहान कडेला. तरुण पोरं म्हणाली, सनावळीप्रमाणे लावा. आम्हाला यातलं एकही पूर्ण पटलेलं नाही, म्हणून बोलायला उभे राहिलो.

मागावर उभं राहणाऱ्याला चित्रातलं काय कळतं, असं कुणाच्या मनात येईल. पण चौकड्याचं कापड विणताना कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग बसतो, हे चुकलं की तागा बाद होतो. शेजाराचं महत्त्व आम्ही तिथेच शिकलो.

आता अजिंठ्याला चला. दहाव्या लेण्यात, उजव्या भिंतीवर, षड्‌दंत हत्तीची जातककथा रंगवली आहे. हे काम दोन हजार वर्षांपूर्वीचं. हत्तीण रुसते, मरते, काशीची राणी होऊन जन्मते, शिकारी पाठवते आणि शेवटी ते सुळे पाहून स्वतःच कोसळते. म्हणजे गोष्ट रानातून वाड्यात, वाड्यातून रानात, परत वाड्यात अशी फिरते. पण चित्रकाराने काळाचा हिशेब ठेवला नाही. रानातले प्रसंग त्याने एकत्र घेतले, वाड्यातले एकत्र. पाहणाऱ्याची नजर मागेपुढे जाते आणि कारण कुठलं, परिणाम कुठला, हे तो स्वतः जुळवतो.

पुढे पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळी, सतरावं लेणं झालं. तिथे दारावर सात मानुषी बुद्ध आणि आठवा मैत्रेय, एका ओळीत. आत भिंतींवर जातककथा. त्यात सगळं दान देऊन टाकणारा विश्वंतर आहे. गाभाऱ्याजवळ भिक्षापात्र घेतलेले भगवान आणि त्यांच्यापुढे इवलेसे यशोधरा-राहुल. मग गाभाऱ्यात बुद्ध. चालता चालता माणूस अनेक जन्मांतून एका जन्मात येतो. ही मांडणी पायांनी वाचायची आहे.

आपल्या भिंतीचंही तसंच व्हावं. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं कारण रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा, शाक्य आणि कोलियांमधला, असं मांडलं आहे. आपल्याकडे रोहिणीचं चित्र आहे. 20 मार्च 1927 च्या चवदार तळ्याचंही आहे. इतकी वर्षं एक या टोकाला, दुसरं त्या टोकाला होतं. ती दोन्ही शेजारी लावा. मधे एक जागा मोकळी ठेवा. पाणी भरणाऱ्या प्रकृतीकडे आनंद पाणी मागतो, ती चांडालाची मुलगी म्हणून कचरते, हा प्रसंग आपल्याकडे नाही. आपल्या पोरांपैकी ज्याचा हात चांगला आहे त्याने काढावा. तिन्ही चित्रांत पाणी. न शिकलेल्या म्हातारीलाही ते वाचता येईल.

आता जरा नाजूक गोष्ट. रमाईची तसबीर मीटरच्या पेटीखाली होती. आम्ही म्हणालो, यशोधरेच्या शेजारी लावा. आक्षेप आला की बरोबरी कशी करता? शेजार म्हणजे बरोबरी नव्हे. दोघींचा घरधनी जगाचा झाला आणि घर त्यांच्या वाट्याला आलं, एवढंच तिथे सांगायचं आहे. सनावळीने लावलं तर रमाई 27 मे 1935 पाशी थांबतात आणि 14 ऑक्टोबर 1956 चं नागपूर पार पलीकडच्या भिंतीवर जातं. तारखा हव्यातच, पण त्या तसबिरीखाली पट्टीवर लिहा. तेवढ्याने पोरांचंही समाधान होईल.

दात्यांची नावं? ती मागच्या बाजूला लिहावीत. भिंतीवर नाव टाकायची हौस जुनीच आहे म्हणा. 1819 साली अजिंठ्यात शिरलेल्या जॉन स्मिथ साहेबाने त्याच दहाव्या लेण्याच्या खांबावर आपलं नाव कोरून ठेवलंय!

दारातून आत आलं की डावीकडून सुरुवात, आणि मूर्ती उजव्या हाताला ठेवून फेरी. तसबिरी फार उंच नकोत, पाचवीतल्या पोराला मान वर न करता दिसाव्यात. येत्या रविवारी सकाळी शिडी आणि ड्रिल मशीन येणार आहे. खिळे ठोकण्याआधी सगळ्या तसबिरी जमिनीवर ओळीने मांडू, आणि महिला मंडळाने आधी फिरून पाहावं. त्यांना जे खटकेल ते तिथेच बदलू.

जयभीम. नमो बुद्धाय.