नाव तुमचं, सही तुमची

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

तुमच्यातल्या खेळाडू मुलींशी मला आज जरा जास्त बोलायचंय. बाकीच्यांनी रागावू नये. शेवटी तुमच्यापैकी काही जणांसाठीही एक काम आहे.

विषय आहे, खेळाडूच्या नावाचे पैसे कुणाला मिळतात हा. अमेरिकेत कॉलेजचे सामने पाहायला स्टेडियम भरतात, वाहिन्या प्रक्षेपणासाठी प्रचंड पैसे मोजतात. पण खेळाडूनं स्वतःच्या नावावर जाहिरात केली, तर तिला खेळण्यास अपात्र ठरवलं जाई. १ जुलै २०२१ला एनसीएए या तिथल्या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेनं ही बंदी उठवली. त्याच दिवशी हॅना आणि हेली कॅव्हिंडर या जुळ्या बास्केटबॉलपटूंनी एका मोबाइल कंपनीशी करार जाहीर केला.

मला मात्र त्याच वर्षीच्या मार्चमधली गोष्ट मोठी वाटते. कॉलेजच्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेत मुलांना सुसज्ज व्यायामशाळा होती आणि सॅन अँटोनिओत खेळणाऱ्या मुलींना डंबेल्सचा एक छोटा स्टँड. जागा नाही, हे आयोजकांचं कारण. ओरेगॉनच्या सेडोना प्रिन्सनं फोन फिरवून शेजारची रिकामी जागाच दाखवली. सोशल मीडियावर तो व्हिडिओ लाखोंनी पाहिला, संघटनेला माफी मागावी लागली, साहित्य आलं. तोवर फक्त मुलांच्या स्पर्धेला मिळणारं ‘मार्च मॅडनेस’ हे नाव पुढच्या वर्षी मुलींच्याही स्पर्धेला मिळालं. फॉलोअर कशासाठी असावेत, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

बाजार मात्र खेळाआधी चेहरा पाहतो. लुइझियानाची जिम्नॅस्ट ऑलिव्हिया डन हिच्यावरच्या एका लेखात ज्येष्ठ बास्केटबॉल प्रशिक्षक टॅरा व्हॅनडरव्हीर दिसण्यावर चालणाऱ्या अशा जाहिरातींबद्दल म्हणाल्या की, हे मागे जाणं आहे. मला त्यांची चिंता पटते, पण रोख पटत नाही. दोष विकत घेणाऱ्याचा; वीस वर्षांच्या मुलीला का झापायचं? तिला त्याची किंमतही मोजावी लागली. २०२३मध्ये चाहत्यांची झुंबड इतकी वाढली की विद्यापीठाला संघाची सुरक्षा वाढवावी लागली. आणि जाहिरात नाकारून खेळावर जगावं, तर काय मिळतं तेही पाहा. २०२४मध्ये बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्कचा कॉलेजचा अंतिम सामना मुलांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला. तरी व्यावसायिक लीगमध्ये तिचा पहिल्या वर्षीचा पगार होता ७६,५३५ डॉलर. पुरुषांच्या लीगमधल्या नवख्यालाही याच्या कित्येक पट मिळतात.

आपल्याकडे जाहिरातींवर अशी बंदी नव्हती, पण नाव फुकट वापरायची सवय आहे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये पी. व्ही. सिंधूनं कांस्यपदक जिंकलं, तेव्हा करार नसलेल्या कंपन्यांनीही अभिनंदनाच्या निमित्तानं तिचा फोटो वापरला. तिच्या व्यवस्थापनानं कायदेशीर नोटिसांची तयारी केली. आंतरविद्यापीठ पदक आणणाऱ्या मुलीकडे कुठलं व्यवस्थापन? चौकात तिचा फ्लेक्स लागतो, त्यावर तिच्यापेक्षा ‘शुभेच्छुक’ मोठा असतो!

तेव्हा कुणी बूट, प्रोटीन पावडर किंवा अकादमीसाठी कागद पुढे केला, तर उभ्याउभ्या सही करू नका. फोटो किती वर्षं आणि कुठे वापरणार, दुसऱ्या कंपनीचं काम करता येईल का, आणि दुखापत झाली तर पैसे थांबणार का, हे वाचा. शेवटचा प्रश्न विचारायला मुली लाजतात. लाजू नका.

आणि आज कायद्याची पदवी घेणाऱ्यांनो, अशी एखादी मैत्रीण करार घेऊन आली, तर तो ओळ न् ओळ वाचून द्या. पहिल्या वेळी फी मागू नका.