बाजारातले ऊन आणि नगराचे भागीदार



ज्या विषयावर बोलण्यासाठी आपण मला येथे बोलावले आहे त्याचे नाव फार मोठे आहे; परंतु मी त्याकडे करोल बागेच्या गल्लीतूनच पाहणार आहे. १९ जून २०२४ रोजी दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत किमान तापमान ३५.२ अंश सेल्सियस नोंदले गेले. हा आकडा किमान तापमानाचा, म्हणजे दिवसरात्रीतील सर्वांत गार घटकेचा आहे, हे कृपया ध्यानात घ्यावे. त्याआधी तीन आठवडे, २९ मे रोजी, तेथेच दिवसाचा पारा ४६.८ अंशांवर गेला होता. दुपारच्या उन्हाची चर्चा सर्वत्र होते; माणसाला खचविते ती मात्र रात्र. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री निवण्यास अवसर मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवशीचे ऊन ते आधीच थकलेल्या अवस्थेत सोसते.

पृथ्वीचे तापमान वाढत आहे, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण आपण स्वतः रचलेले आहे. करोल बागेच्या एका अंगाला दिल्लीची जुनी टेकडी, म्हणजे रिज, आणि दुसऱ्या अंगाला भारतीय कृषी अनुसंधान संस्थेची शेते आहेत. ही संस्था बिहारमधील पुसा येथून भूकंपानंतर १९३६ साली दिल्लीस आली आणि येताना आपल्या गावाचे नावही घेऊन आली. पुसा रोड हे नाव त्यातूनच आले. मोकळी जमीन आणि झाडे सूर्यास्तानंतर लवकर निवतात. सिमेंट, डांबर आणि विटा मात्र दिवसा साठविलेली उष्णता रात्रभर सोडीत राहतात. त्यात वातानुकूलन यंत्रे खोलीतील उष्णता गल्लीत फेकतात, आणि उभ्या मोटारींची इंजिने तिच्यात भर घालतात. ज्याच्याकडे यंत्र आहे त्याची खोली गार होते, ज्याच्याकडे नाही त्याची गल्ली अधिक तापते.

आता येथील एका विशिष्ट समूहाकडे वळतो, कारण सभागृहात त्यांच्यापैकी अनेक जण बसलेले आहेत. सांगली जिल्ह्यातील खानापूर आणि आटपाडी हे तालुके अवर्षणग्रस्त. तेथील माणसे सोने-चांदी गाळण्याचे काम शिकून गेल्या कित्येक दशकांत देशभर पसरली. जेथे सराफ बाजार आहे तेथे विटा परिसरातील गलाईवाला आहे, असे म्हटले तर फारसे वावगे ठरणार नाही. करोल बागेच्या सराफीमागील गल्ल्यांतूनही ही मंडळी भट्टीपुढे बसलेली आढळतात. पाऊस पडत नाही म्हणून ज्यांनी घर सोडले, ते दिल्लीत येऊन मे महिन्यात अरुंद, बंदिस्त खोलीत मुशीपुढे बसले. हवामानाचा प्रश्न त्यांच्यापुरता सैद्धान्तिक नाही. त्यांच्याचसारखी अवस्था हमालांची, हातगाडी ओढणाऱ्यांची आणि पटरीवर माल मांडून बसणाऱ्या स्त्रियांची आहे.

मग महानगरपालिकेने यात काय करावे? हा प्रश्न विचारताच आपल्याकडे दोन टोकाची उत्तरे दिली जातात. एक म्हणजे, नगरपालिकेने सर्व काही करावे. दुसरे म्हणजे, तिच्या हाती काहीच नाही. दोन्ही उत्तरे सोयीची आहेत, कारण दोन्हींत आपणास काही करावे लागत नाही.

दिल्ली महानगरपालिका १९५७ च्या कायद्यानुसार स्थापन झाली आणि एप्रिल १९५८ मध्ये कामास लागली. त्या वेळी वीज, पाणी आणि बसगाड्या हे तिन्ही उपक्रम तिच्याच छत्राखाली होते. आज ही गोष्ट आठवणारे थोडेच असतील. १९७१ साली बसगाड्या तिच्याकडून गेल्या. १९९७ मध्ये विजेचा उपक्रम वेगळ्या मंडळाकडे गेला आणि पुढे २००२ पासून वितरण खाजगी कंपन्यांकडे आले. १९९८ मध्ये पाण्यासाठी दिल्ली जल बोर्ड निर्माण झाला. जमिनीचे नियोजन तर आधीपासूनच दिल्ली विकास प्राधिकरणाचे. वाहतूक पोलीस केंद्र सरकारच्या अखत्यारीत आहेत. साठ फूट आणि त्याहून रुंद रस्तेही २०१२ नंतर सार्वजनिक बांधकाम विभागाकडे गेले. उरले काय? लहान रस्ते, कचरा, बागा, वाहनतळ, बांधकामांच्या परवानग्या, फेरीवाल्यांची नोंदणी आणि मालमत्ता कर. म्हणजे ज्या वायूंमुळे पृथ्वी तापते त्यांच्या मोठ्या उगमांवर, विजेवर आणि वाहनांवर, महानगरपालिकेची थेट सत्ता नाही. मुंबईची स्थिती थोडी निराळी आहे. तेथे बेस्ट हा उपक्रम आजही महापालिकेचा असून तो शहराच्या जुन्या भागास वीजही पुरवितो. मुंबईने मार्च २०२२ मध्ये आपला वातावरण कृती आराखडा प्रसिद्ध केला आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय जाहीर केले, त्यामागे हेही एक बळ होते. तथापि मुंबईच्या उत्सर्जनातील सर्वांत मोठा हिस्सा विजेचा निघाला, आणि ती वीज ज्या केंद्रांत तयार होते त्यांतील बहुतेकांवर तेथील महापालिकेचाही अधिकार चालत नाही.

म्हणून महानगरपालिकेला भागीदारांवाचून गत्यंतर नाही. भागीदार हा शब्द मी शोभेसाठी वापरीत नाही. दुकानाच्या भागीदारीत कोणाचे भांडवल किती, कोणाचे श्रम किती आणि नफातोटा कसा वाटावयाचा हे कागदावर असते. करोल बागेतील व्यापाऱ्यांना हे मी सांगावयास नको. नगराच्या कामात मात्र भागीदारी म्हणजे एक सभा, एक शपथ आणि एक छायाचित्र, अशी समजूत दृढ झाली आहे.

आपल्या दाराशीच घडलेले उदाहरण घेऊ. अजमल खान रोडचा पुसा रोड ते आर्य समाज रोड हा भाग मोटारींनी इतका भरलेला असे की पादचाऱ्याला वाट काढणे हीच एक विद्या होती. २०१९ च्या मे महिन्यात तत्कालीन उत्तर दिल्ली महानगरपालिकेने, वर्षा जोशी आयुक्त असताना, हा भाग वाहनांसाठी बंद केला. उभ्या मोटारी हटल्या, बसण्यास बाके आली, कुंड्यांतून झाडे आली. प्रारंभी दुकानदारांचा विरोध झाला. गिऱ्हाईक मोटारीतून येते, मोटार गेली की गिऱ्हाईक गेले, असा त्यांचा हिशेब होता. तो अगदीच निराधार होता असे मी म्हणणार नाही. ज्याची रोजची विक्री पणाला लागते त्याला साशंक राहण्याचा अधिकार आहे. परंतु त्या हिशेबात एक गोष्ट सुटली होती. ३१ डिसेंबर २००५ पासून करोल बागेत मेट्रो येते. गिऱ्हाइकाला पायी चालता आले की ते थांबते, आणि थांबले की खरेदी करते. पुढे अनेक दुकानदारांनी हा बदल स्वीकारला. मोटारी गेलेल्या रस्त्यावरचा धूर आणि इंजिनांची धग कमी होते, हे समजण्यास उपकरणांची आवश्यकता नाही.

पण या कथेचा पुढचा भाग अधिक बोधप्रद आहे. मोकळ्या झालेल्या रस्त्यावर फेरीवाले वाढले, आणि दुकानदार व फेरीवाले यांच्यात कुरबुरी सुरू झाल्या. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य निवडून आलेले फेरीवाले असावयास हवेत, आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. म्हणजे फेरीवाल्यांना चर्चेच्या मेजाशी आणण्याची व्यवस्था कायद्याने आधीच केलेली आहे. रस्ता कोणासाठी मोकळा करावयाचा, त्यावर किती जण बसतील, सावली कोठे असेल, हे पहिल्या दिवशी त्यांच्यासह ठरले असते तर पुढचे पुष्कळसे कलह टळले असते, असे माझे मत आहे. आणि दुसरी अडचण पाहा. मे २०१९ मध्ये ज्या संस्थेने रस्ता मोकळा केला, ती उत्तर दिल्ली महानगरपालिका मे २०२२ मध्ये विलीन होऊन अस्तित्वातूनच गेली. आयुक्त बदलतात, वॉर्डांच्या सीमा बदलतात. येथे तर सारी संस्थाच बदलली. कुंडीतील झाडाला पाणी घालण्याचे काम कोणाचे, हे जर एका अधिकाऱ्याच्या उत्साहावर अवलंबून असेल, तर त्या झाडाचे आयुष्य त्या अधिकाऱ्याच्या बदलीएवढेच असते.

याउलट पुण्याचे उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने बोलण्याची परवानगी द्यावी. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. रस्त्यावरील कचऱ्यातून भंगार वेचून पोट भरणाऱ्या, मुख्यतः दलित स्त्रियांची ही संघटना. त्यांची पहिली मागणी पैशाची नव्हती. आम्ही चोर नाही, कामगार आहोत, हे नगराने मान्य करावे, ही होती. महानगरपालिकेने त्यांची ओळखपत्रे मान्य केली. पुढे या स्त्रियांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ साली पुणे महानगरपालिकेने तिच्याशी लेखी करार केला. घरोघर जाऊन ओला आणि सुका कचरा वेगवेगळा घ्यावयाचा. घरटी ठराविक शुल्क थेट कामगारास मिळावयाचे. विकण्याजोगे भंगार तिचे. आणि साधने व व्यवस्थापनाचा खर्च महानगरपालिकेचा. या करारात कोणी कोणावर उपकार केलेला नाही, हेच त्याचे वैशिष्ट्य होय.

याचा हवामानाशी संबंध काय, असे आपण विचाराल. ओला कचरा ढिगाखाली हवेवाचून कुजला की मिथेन वायू तयार होतो. वीस वर्षांच्या मुदतीत मोजले तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटींहून अधिक उष्णता अडवितो. दिल्लीत गाझीपूर येथे १९८४ पासून कचरा टाकला जात आहे, त्यानंतर भलस्वा आणि ओखला येथेही डोंगर उभे राहिले. ते उन्हाळ्यात वारंवार पेटतात. १ सप्टेंबर २०१७ रोजी गाझीपूरच्या ढिगाचा कडा कोसळून दोन माणसे दगावली. ज्या स्त्रीच्या हातून कचरा दाराशीच वेगळा होतो, ती त्या डोंगराची वाढ रोखते. आणि तिने वाचविलेल्या प्रत्येक किलो कागदामागे व धातूमागे कारखान्यातील इंधनही वाचते. तरीदेखील पुण्यात कराराची मुदत २०२० च्या अखेरीस संपली तेव्हा काही काळ अल्प मुदतवाढींवर काम चालवावे लागले. उत्तम भागीदारीही मुदत संपली की टांगणीला लागते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

अहमदाबादविषयी थोडक्यात सांगतो. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत त्या शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले, असे नंतरच्या अभ्यासात आढळले. महानगरपालिकेने गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या साहाय्याने २०१३ साली उष्णता कृती योजना तयार केली. हवामान खात्याचा इशारा आला की दवाखाने, पाणपोया, शाळा आणि कामाच्या वेळा यांत काय बदल व्हावयाचा हे आधीच ठरलेले असते. करोल बागेत अशा योजनेला लागणारी ज्ञानसामग्री हाकेच्या अंतरावर आहे. पुसाच्या संस्थेत पीक आणि हवामान यांचा अभ्यास करणारी माणसे आहेत. ज्या हकीम अजमल खान यांचे नाव आपल्या रस्त्यास दिले आहे, त्यांच्या प्रयत्नांतून उभे राहिलेले आणि १९२१ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालेले तिब्बिया महाविद्यालय याच वस्तीत आहे. अजमल खानांच्या रस्त्यावर उन्हाने घेरी आलेल्या हमालाला पहिला उपचार त्यांच्याच महाविद्यालयातील वैद्य किंवा हकिमाने करावा, यात गैर ते काय?

शेवटी गच्च्यांविषयी, कारण मला वाटते की प्रारंभ तेथूनच व्हावा. गच्चीवर चुन्याचा किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाचा लेप दिला की ऊन परत फेकले जाते आणि खालची खोली काही अंशांनी गार राहते. अहमदाबादच्या गरीब वस्त्यांतून महिलांच्या संघटनांनी हे काम केले आहे. खर्च फार नाही. अडचण वेगळीच आहे. रेगरपुरा आणि बीडनपुरा येथील कारखान्यांत जो भट्टीपुढे बसतो तो भाडेकरू, आणि गच्ची मालकाची. भाडेकरूने रंगविली तर उद्या मालक भाडे वाढवील ही त्याला धास्ती. मालकाला तर खालच्या खोलीतील उष्मा जाणवतच नाही. येथे महानगरपालिकेच्या हाती असलेले एक साधे साधन उपयोगी पडेल, आणि ते म्हणजे मालमत्ता कर. ज्या मालकाची गच्ची पांढरी आहे आणि ज्याच्या भाडेकरूच्या खोलीस वारा येण्यास झरोका आहे, त्यास करात थोडी सूट द्यावी. सराफ संघटनेने चुन्याचा खर्च उचलावा, कारण सोने त्यांचेच गाळले जाते. गलाईवाल्यांच्या मंडळाने माणसे द्यावीत, आणि खोल्यांचे तापमान लिहून ठेवण्याची पद्धत पुसाच्या तज्ज्ञांनी शिकवावी. हे सर्व एका कागदावर यावे, त्यावर चौघांच्या सह्या असाव्यात आणि मुदत पाच वर्षांहून कमी नसावी.

लेप मार्च संपण्यापूर्वी वाळलेला असावा लागतो. महानगरपालिकेचे अंदाजपत्रकही त्याच सुमारास मंजूर होते, आणि एकदा ते मंजूर झाले की नवा खर्च वा सूट घालण्यास वर्षभर थांबावे लागते. तेव्हा या चौघांची पहिली बैठक दिवाळीच्या गर्दीनंतर, डिसेंबरातच भरवावी, अशी माझी सूचना आहे.